जुनी विंडोज व्हीएम नव्या लिनक्स मशीनवर नेताना

गेल्या नोव्हेंबरात जुन्या लॅपटॉपवरची विंडोज १० ची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) नव्या लिनक्स मशीनवर हलवायची वेळ आली. शोधलं तेव्हा सगळं तुकड्यातुकड्यात सापडत होतं, कुणी फाइल कन्व्हर्ट करायची कमांड देतंय, कुणी फक्त निळ्या स्क्रीनबद्दल बोलतंय, पण आधी काय आणि नंतर काय हे एका जागी काही मिळेना. म्हणून माझ्याकडे जसं घडत गेलं तसंच लिहून ठेवतेय. खर्च शून्य, लागणारं सगळं सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त व्हीएमच्या फाइलच्या दुप्पट-तिप्पट रिकामी जागा आणि भरपूर वेळ हवा.

व्हीएममध्ये काय आहे तर हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर. ते विंडोजशिवाय चालत नाही, त्याचं नवीन व्हर्जन येणं कधीच थांबलंय आणि आत बऱ्याच वर्षांच्या नोंदी आहेत, त्यामुळे सोडताही येत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तशीही ही व्हीएम इंटरनेटपासून लांब, एका कोपऱ्यात गप पडून राहावी असंच मला हवं होतं. जुन्या लॅपटॉपवर ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये, चालायची. नव्या मशीनवरही व्हर्च्युअलबॉक्स टाकून फोल्डर उचलून ठेवला असता तर यातलं निम्मं काम वाचलं असतं हे आधीच सांगते, म्हणजे कुणी उगाच माझ्या मागे येऊ नका. मला केव्हीएम, म्हणजे लिनक्सची स्वतःची व्हीएम चालवायची सोय, हवं होतं कारण ते २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (ओएसच्या गाभ्यातच) आहे, दर कर्नल अपडेटनंतर वेगळे मोड्यूल पुन्हा बांधायची कटकट नाही.

हलवायच्या आधी जुन्या जागेवर जी तयारी केली तिनेच पुढे सगळ्यात जास्त वाचवलं. व्हीएम चालू करून आधी एमएसइन्फो३२ (विंडोजमधलं सिस्टिमची माहिती दाखवणारं टूल) उघडलं आणि त्यात ‘बायोस मोड’ समोर काय लिहिलंय ते बघितलं. माझ्याकडे ‘लेगसी’, म्हणजे जुनं बायोस, होतं. हे माहीत असणं गरजेचं आहे कारण नव्या जागी व्हीएम बनवताना बायोस की यूईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर, जुनं की नवं) हे सुरुवातीलाच निवडावं लागतं, नंतर बदलायला गेलं की त्रास, आणि चुकीचं निवडलं तर डिस्क ठणठणीत असूनही मशीन म्हणणार की बूट करायला काही सापडलंच नाही. मग गेस्ट अ‍ॅडिशन्स काढून टाकले, ते व्हर्च्युअलबॉक्सचेच जास्तीचे ड्रायव्हर, नव्या घरी उपयोग काही नाही. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावरून मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) कागदावर लिहून घेतला. आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अबाउट’मध्ये जो मशीन कोड दिसतो त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला. हे शेवटचं का ते खाली येईल.

डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर ते हलवायच्या आधीच काढा. नाहीतर नव्या जागी ४८ अंकी रिकव्हरी की मागणार, आणि ती की कुठे ठेवलीय हे आठवायची ती वेळ नसते. माझ्याकडे नव्हतं, सुटले.

मग बंद करणं. विंडोज १० नेहमीच्या शट डाऊनने पूर्ण बंद होतेच असं नाही, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलचा भाग हायबरनेट करून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठायला बघते. खालचं सगळं हार्डवेअर बदलणार असताना हे नको. अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेशन ऑफ केलं आणि शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं. व्हर्च्युअलबॉक्सचं ‘सेव्ह स्टेट’ तर अजिबातच नाही, ते दुसऱ्या हायपरव्हायझरला (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कळत नाही.

आता फाइल. फोल्डर उघडला तर मुख्य व्हीडीआय फाइलची (व्हीएमची अख्खी डिस्क जिच्यात असते ती) तारीख दोन वर्षांपूर्वीची! व्हीएम तर मी आत्ताच बंद केली होती. शेजारी ‘स्नॅपशॉट्स’ नावाचा फोल्डर, त्यात महिरपी कंसातल्या लांबलचक नावाची दुसरी व्हीडीआय, आणि तिची तारीख आजची. म्हणजे कधीतरी स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद) घेतला त्या क्षणी मुख्य फाइल गोठली आणि त्यानंतरचं सगळं लिखाण या दुसऱ्या फाइलमध्ये होत गेलं. कन्व्हर्ट करणारं टूल फक्त त्याला दिलेली फाइल बघतं, मुख्य फाइल दिली असती तर व्हीएम मस्त चालू झाली असती आणि दोन वर्षांच्या नोंदी गायब. तेव्हा कन्व्हर्ट करायच्या आधी तारखा बघाच. उपाय सोपा आहे, व्हर्च्युअलबॉक्समध्येच क्लोन करायचं, ‘फुल क्लोन’ आणि ‘करंट मशीन स्टेट’ निवडायचं, सगळं मिळून एकच ताजी व्हीडीआय तयार होते. वेळ लागतो. मूळ फोल्डर आहे तसा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवला आणि पुढचं सगळं क्लोनवर केलं.

नव्या मशीनवर क्यूईएमयू-इमेज नावाचं टूल आहे, त्यातल्या कन्व्हर्टने व्हीडीआयची क्यूकाऊ-टू, म्हणजे केव्हीएमसोबत वापरतात ती डिस्क-फाइल, केली. प्रोग्रेस दाखवायचा पर्याय द्या, नाहीतर काळ्या खिडकीत कर्सर लुकलुकत राहतो आणि चाललंय की अडकलंय कळत नाही. झाल्यावर त्याच टूलच्या ‘इन्फो’ने आकार बघितला, व्हर्च्युअल साइझ ८० जीबी, म्हणजे जुन्याइतकीच, आणि ‘चेक’ने एरर नाहीत असं सांगितलं. फाइल लिबव्हर्टच्या (केव्हीएमच्या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) स्वतःच्या इमेजेस फोल्डरमध्ये ठेवली. होम फोल्डरमध्ये ठेवली तर बऱ्याच वेळा परमिशनचा एरर येतो, कारण व्हीएम वेगळ्या युजरच्या नावाने चालते आणि तिला तुमच्या होममध्ये शिरता येत नाही.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये, म्हणजे लिबव्हर्टच्या ग्राफिकल प्रोग्रॅममध्ये, ‘इम्पोर्ट एक्झिस्टिंग डिस्क इमेज’ घेतलं, ओएस म्हणून विंडोज १० सांगितलं आणि शेवटच्या पानावर ‘कस्टमाइझ कॉन्फिगरेशन बिफोर इन्स्टॉल’ला टिक केली. ती टिक विसरू नका, बायोसची निवड तिथेच. ओएसचं नाव नीट सांगणं पण महत्त्वाचं, कारण त्यावरून तो घड्याळ, टायमर, डिस्कचा प्रकार असं बरंच काही स्वतः ठरवतो. त्याने डिस्क साटावर (डिस्क जोडायच्या नव्या प्रकारावर) लावली, खोट्या मदरबोर्डचा चिपसेट क्यू३५ घेतला. ठीक वाटलं. स्टार्ट.

विंडोजचा लोगो आला, खाली ठिपके फिरले, आणि निळा स्क्रीन. इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. आपोआप रिस्टार्ट, परत तेच. मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’, बराच वेळ काहीतरी तपासून म्हणाला की दुरुस्त करता आलं नाही. पोटात गोळा येतो हो, मूळ कॉपी बाजूला सुरक्षित आहे हे माहीत असूनही.

इथे मी हात आखडता घेतला आणि एवढाच विचार केला की हा एरर नक्की काय म्हणतोय. लोगो आला म्हणजे बूटलोडर डिस्क वाचू शकला, फाइल खराब नाही. बूटलोडर बायोसच्या मदतीने वाचतो. त्यापुढे विंडोजचं कर्नल ताबा घेतं आणि स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क वाचायला जातं, आणि अडलं ते तिथे. म्हणजे प्रश्न ड्रायव्हरचा. जुन्या व्हीएमच्या सेटिंग्ज परत उघडून स्टोरेजचं पान बघितलं तर डिस्क आयडीई (साटाच्या आधीच्या, जुन्या प्रकारच्या) कंट्रोलरवर लावलेली. कंट्रोलरचं नाव पीआयआयएक्स४. बिचाऱ्या विंडोजला आजवर वाटत होतं की आपण नव्वदच्या दशकातल्या मदरबोर्डवर बसलोय, आणि आता अचानक खाली क्यू३५, म्हणजे २००७ चा चिपसेट, ज्यात त्या जातीचं आयडीई नाहीच. साटाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, पण इन्स्टॉल करताना जो कंट्रोलर दिसला नाही त्याचा ड्रायव्हर ती बूटच्या वेळी बंद ठेवते. घरात किल्ली आहे पण दाराबाहेर उभे आहोत, असा प्रकार.

यावर दोन रस्ते. एक म्हणजे व्हीएम बनवताना क्यू३५ ऐवजी आय४४०एफएक्स चिपसेट घ्यायचा, तो १९९६ चा आहे आणि त्यात आयडीई मिळतं, विंडोज काही न बोलता उठते. घाई असेल तर हेच करा. मला साटावर आणून पुढे व्हर्टआयओवर (ते काय ते खाली येईल) न्यायचं होतं म्हणून दुसरा रस्ता घेतला, सेफ मोड. सेफ मोडमध्ये विंडोज तिच्याकडचे स्टोरेजचे ड्रायव्हर बंद न ठेवता लावून बघते. त्या निळ्या रिपेअर स्क्रीनवरून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, तिथून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबायचं. अकाउंटचा खरा पासवर्ड माहीत असू दे, पिनच्या भरवशावर राहू नका.

डेस्कटॉप आला! चारी कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ लिहिलेला, काळा, मोठमोठ्या आयकॉनचा, पण आला. आत काहीही केलं नाही, मिनिटभर थांबून साधं रिस्टार्ट केलं, आणि या वेळी ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ म्हणत नेहमीसारखी उठली. या टप्प्याला व्हीएम बंद करून क्यूकाऊ फाइलची एक कॉपी काढली. प्रत्येक यशानंतर एक कॉपी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी नंतर शेवटपर्यंत पाळला, नाहीतर बिघडलं की कशामुळे बिघडलं तेच कळत नाही.

साटावर चालत होती, पण मंद. व्हर्टआयओ म्हणजे खऱ्या हार्डवेअरची नक्कल न करता गेस्ट (आतली व्हीएम) आणि होस्टने (बाहेरच्या मशीनने) सरळ एकमेकांशी बोलायची पद्धत, डिस्क आणि नेटवर्क दोन्हीला फरक पडतो. अडचण एवढीच की विंडोजमध्ये हे ड्रायव्हर मुळातच नसतात. फेडोराचे लोक व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ (सीडीची फाइल) देतात ती उतरवली. आता डिस्क सरळ व्हर्टआयओवर टाकली तर परत तोच निळा स्क्रीन, कारण ड्रायव्हर ज्या डिस्कवर आहे ती डिस्क वाचायलाच तो ड्रायव्हर हवा. म्हणून युक्ती अशी की मुख्य डिस्क साटावरच राहू द्यायची आणि १ जीबीची एक रिकामी, खोटी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची. आयएसओ सीडी म्हणून लावून व्हीएम चालू केली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासकट ‘एससीएसआय कंट्रोलर’ दिसला, सीडीवरचा गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवल्यावर त्याच जागी ‘रेड हॅट व्हर्टआयओ एससीएसआय कंट्रोलर’ असं नाव आलं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसली म्हणजे ड्रायव्हर नुसता कॉपी झालेला नाही, खरोखर चालतोय. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग शट डाऊन, मुख्य डिस्कचा बस (जोडणीचा प्रकार) व्हर्टआयओ केला, खोटी डिस्क काढली, बूट ऑर्डरमध्ये मुख्य डिस्कला टिक आहे ना बघितलं. पहिल्या झटक्यात उठली.

(व्हीएमच्या सेटिंग्जची एक्सएमएल फाइल हाताने बदलणारे असाल तर डिस्कखालची अ‍ॅड्रेसची ओळ पण काढा, लिबव्हर्ट नवीन लिहून घेतो. आणि ज्यांची आधीच निळ्या स्क्रीनवर अडकलीय त्यांना रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून डीआरव्हीलोड कमांडने सीडीवरचा व्हीआयओस्टोर (व्हर्टआयओचा डिस्क-ड्रायव्हर) लोड करता येतो, मग सी ड्राइव्ह दिसायला लागतो, अक्षर वेगळं असू शकतं, आणि डिझम कमांडने तोच ड्रायव्हर आतल्या विंडोजमध्ये घालता येतो.)

नेटवर्कचं वेगळंच. आधी लिबव्हर्टचं ‘डीफॉल्ट’ नेटवर्कच चालू नव्हतं, ते व्हर्शने (लिबव्हर्टच्या कमांडने) स्टार्ट आणि ऑटोस्टार्ट केलं. मग हिशेबाचं सॉफ्टवेअर बॅकअप घेईना. त्याचा बॅकअप होस्टवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये जायचा आणि तिथे पत्ता टाकलेला १०.०.२.२. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट प्रकारच्या नेटवर्कमध्ये गेस्टला होस्ट त्या पत्त्यावर दिसतो. लिबव्हर्टमध्ये होस्ट असतो १९२.१६८.१२२.१ वर. पत्ता बदलला, होस्टवर सांबा (विंडोजला फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) आणि फायरवॉल बघितलं, झालं. गेस्टला स्थिर आयपी दिलेला असेल तर अजून एक गंमत होते, तोच आयपी नव्या कार्डाला द्यायला गेलं की विंडोज म्हणते हा दुसऱ्या कार्डाला दिलाय, आणि ते दुसरं कार्ड दिसतच नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ केलं की जुनं कार्ड फिकट रंगात दिसतं, ते अनइन्स्टॉल करायचं.

व्हीएमला ४ सीपीयू दिले होते, टास्क मॅनेजर दोनच दाखवत होता. कारण व्हर्ट-मॅनेजरने ते चार सॉकेट (चार वेगवेगळ्या प्रोसेसर चिप) म्हणून दिले होते, आणि विंडोज १० प्रो जास्तीत जास्त दोन सॉकेट वापरते, होम तर एकच. सीपीयूच्या पानावर टोपोलॉजी हाताने टाकून १ सॉकेट ४ कोअर केलं की चारही दिसले. घड्याळ माझ्याकडे बरोबर आलं, पण तुमची गेस्ट काही तास पुढे-मागे दाखवत असेल तर एक्सएमएलमध्ये क्लॉक ऑफसेट ‘यूटीसी’ आहे का बघा, विंडोजला ‘लोकलटाइम’ लागतं. ओएस ‘जेनेरिक’ निवडून इम्पोर्ट केलं की हे हमखास होतं.

मग परवान्यांची कागदपत्रं. विंडोज म्हणाली अ‍ॅक्टिव्हेट नाही, साहजिक आहे, तिच्या दृष्टीने सगळं मशीनच बदललंय. लायसन्स आधीच अकाउंटला जोडलेलं होतं, त्यामुळे अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ असं सांगून यादीतून जुनं मशीन निवडलं, बराच वेळ चक्र फिरलं आणि झालं. हे रिटेल लायसन्सला चालतं, मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स असं हलत नाही, त्यामुळे आधी आपलं कोणतं ते तपासा.

हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र उघडल्याबरोबर म्हणालं, नोंदणी अवैध. कंपनीला मेल केला, तिकीट नंबर आला, मग एक फॉर्म आला, त्यात जुना मशीन कोड, नवा मशीन कोड, खरेदीची पावती, आणि बदलाचं कारण. जुना कोड स्क्रीनशॉटमुळे होता, नाहीतर परत जुना लॅपटॉप उघडून बसले असते. फॉर्म पाठवला आणि वाट बघत बसले. तिकडून काही हालचाल नाही. तेवढ्यात दोन मशीन कोड शेजारी ठेवून बघितले तर शेवटचा भाग ओळखीचा वाटला, जुन्यातला ०८:००:२७ ने सुरू होणाऱ्या जुन्या मॅक अ‍ॅड्रेसशी जुळत होता आणि नव्यातला ५२:५४:०० ने सुरू होणाऱ्या नव्याशी. पहिला व्हर्च्युअलबॉक्स देतो, दुसरा लिबव्हर्ट. व्हीएम बंद करून नेटवर्क कार्डाला कागदावरचा जुना मॅक दिला आणि सॉफ्टवेअर काही न विचारता उघडलं. लायसन्स माझंच, एकाच ठिकाणी वापरतेय, त्यामुळे मनाला काही लागलं नाही. फक्त जुनी आणि नवी व्हीएम एकाच नेटवर्कवर एकदम चालू करू नका, दोघींचा मॅक एकच आहे. कंपनीचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं, नवीन की सकट, ती जपून ठेवलीय.

त्यानंतर नोंदी तपासल्या. शेवटच्या महिन्याची बेरीज, वर्षाअखेरची शिल्लक, आणि एक जुनं बिल उघडून प्रिंट प्रिव्ह्यू, जुन्या लॅपटॉपवरच्याशी शेजारी ठेवून. सगळं जुळलं. मग व्हीएमला इंटरनेट बंद करून फक्त होस्टशी बोलणाऱ्या आयसोलेटेड नेटवर्कवर टाकली, आणि त्या नेटवर्कचा होस्टचा पत्ता वेगळा असल्यामुळे बॅकअपचा पत्ता परत एकदा बदलावा लागला. व्हर्शच्या डंपएक्सएमएलने व्हीएमची व्याख्या एका फाइलमध्ये काढून डिस्कच्या कॉपीशेजारी ठेवली, कारण नुसती क्यूकाऊ फाइल असली आणि चिपसेट, बस, मॅक काय होतं हे माहीत नसलं तर हे सगळं परत पहिल्यापासून.

एक गोष्ट अजून नीट नाहीये. यूएसबी स्कॅनर होस्टवरून गेस्टला दिला की दिसतो, पण केबल काढून परत लावली की गेस्टला सापडत नाही, हार्डवेअरमधून काढून पुन्हा जोडावा लागतो. स्कॅनिंग महिन्यातून एखाद्या वेळी लागतं म्हणून तूर्तास तसंच चालवून घेतेय. कुणाकडे हे कायमचं सुटलं असेल तर सांगा.